पूर्वप्राथमिक शाळेतील चढाईची भिंत : वडोदऱ्यातील एका शाळेचे प्रकरण

वडोदऱ्यातील एका खासगी पूर्वप्राथमिक शाळेने जून २०२३ मध्ये, नवे सत्र सुरू होताना, आपल्या माहितीपत्रकात ‘रॉक क्लायम्बिंग’ हा क्रीडाप्रकार म्हणून जाहीर केला. ही शाळा विश्वामित्री नदीच्या पश्चिमेकडील एका सोसायटीत, दुमजली बंगल्यात भरते. नर्सरी, ज्युनिअर केजी आणि सिनिअर केजी असे तीन वर्ग आहेत आणि मुले तीन ते सहा वर्षांची आहेत. संचालिका दांडिया बाजारातील जुन्या मराठी घराण्यातल्या असून पालकांमध्येही मराठी कुटुंबांचे प्रमाण बरेच आहे. पुढच्या दोन वर्षांत ही भिंत एकदा बंद पडली, एकदा उतरवून नव्या आराखड्याने उभी राहिली, पुरात तिच्या गाद्या गेल्या आणि तिच्यापाशी एका मुलाचा हात मोडला. जानेवारी २०२४ पासून मी या शाळेला बालशिक्षणाच्या बाजूने सल्ला देत आले. त्यापूर्वीचा भाग शाळेच्या नोंदवह्यांवरून आणि संबंधितांशी बोलून लिहिला आहे. संचालिकांची संमती घेतलेली आहे. शाळेचे व व्यक्तींचे नाव देण्याचे कारण नाही.

माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढील तपशील कोणत्या नजरेने मांडला आहे हे वाचकांना कळेल. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला चढणे ही क्रिया अत्यंत आवश्यक आहे. मात्र त्या क्रियेला उंची, दोर आणि पाळी यांची जोड देऊन तिचा ‘खेळ’ बनवला, की मुलाला मिळायला हवे होते ते बहुतेक हरवते आणि धोका मात्र शिल्लक राहतो.

भिंत का हवी होती

शहरातील बहुतेक खासगी बालवर्ग बंगल्यांत भरतात आणि बंगल्याला मैदान नसते. इमारतीभोवती जे मार्जिन सुटलेले असते, त्यातच दुचाकी, पाण्याची टाकी, एसीची बाहेरची यंत्रे आणि मुलांची घसरगुंडी यांची दाटी होते. आडवी जागा नाही तेव्हा उभी जागा वापरावी, हा संचालिकांचा विचार तर्काला धरून होता. दुसरे कारण वयाचे होते. गुजरातमध्ये २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट लागू झाल्यामुळे सिनिअर केजीतील मुले आता वयाने आणि अंगाने मोठी असतात, आणि नर्सरीसाठी घेतलेली घसरगुंडी त्यांना पुरत नाही. तिसरे कारण उघड व्यवसायाचे होते. एकाच रस्त्यावर तीन-चार शाळा असताना एकीकडे स्केटिंग, दुसरीकडे छोटा जलतरण तलाव, मग आपल्याकडे काय, असा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक संचालकापुढे असतो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लायम्बिंगचा प्रथमच समावेश झाल्यानंतर हा शब्द पालकांच्याही कानावर पडू लागला होता. ही तिन्ही कारणे एकत्र आली, यात मला आक्षेपार्ह काही वाटत नाही. पुढे निर्णय घेताना त्यांतले तिसरे कारण सर्वांत वजनदार ठरले, ही खरी अडचण होती.

दोरावरची पहिली भिंत

पहिली भिंत बंगल्याच्या पश्चिमेकडच्या बाजूला, सुमारे पाच मीटर उंचीची होती. गच्चीवरील तुळईला अँकर, म्हणजे दोर अडकवण्याची पक्की कडी, बसवून दोर खाली सोडलेला, खाली एक प्रशिक्षक दोराचे दुसरे टोक धरून मुलाला सांभाळणार आणि माथ्यावर एक पितळी घंटा. मूल वर पोहोचले की घंटा वाजवणार, पालकांसाठी छायाचित्र निघणार. प्रशिक्षक मनापासून काम करणारा तरुण होता. राज्य शासनाच्या माउंट अबू येथील गिर्यारोहण संस्थेत त्याने अभ्यासक्रम केला होता आणि पावागडच्या कातळावर तो नियमित जात असे. त्याचे शिक्षण मोठ्यांच्या आणि मोठ्या मुलांच्या चढाईचे होते. तीन वर्षांचे मूल घाबरले की ते वर पाहत नाही, खाली पाहत नाही, बोललेले ऐकतही नाही, याचा अनुभव त्याला येथेच पहिल्यांदा आला.

हार्नेसचा, म्हणजे दोर ज्याला बांधतात त्या अंगावरच्या पट्ट्यांचा, प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहिला. मोठ्यांचा हार्नेस कमरेवर आणि मांड्यांवर बसतो, कारण मोठ्या माणसाच्या नितंबाचे हाड पट्ट्याला अडवून धरते. लहान मुलाची कंबर आणि नितंब जवळजवळ एकाच घेराचे असतात आणि डोके शरीराच्या मानाने जड असते. त्यामुळे मूल दोरावर उलटे झाले तर केवळ कमरेचा पट्टा सटकू शकतो. यासाठी खांद्यांवरून जाणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. युरोपीय मानक ईएन १२२७७ मध्ये ४० किलोपर्यंतच्या व्यक्तींसाठी असा हार्नेस स्वतंत्र प्रकार म्हणून दिलेला आहे. शाळेने तसे दोन हार्नेस मागवले. ते येईपर्यंत नर्सरीच्या मुलांना भिंतीवर घेतले गेले नाही, ही चांगली गोष्ट झाली.

खरी उणीव घड्याळात होती. एका तुकडीत अठरा मुले, तास चाळीस मिनिटांचा आणि दोर एक. हार्नेस अंगात घालणे, बकल तपासणे, गाठ तपासणे, चढणे, खाली सोडणे आणि हार्नेस काढणे हे सर्व धरून एका मुलाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे येत; उरलेली अडतीस मिनिटे ते मूल ओट्यावर रांगेत बसून दुसऱ्यांकडे पाहत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल करावी आणि त्यातील किमान ६० मिनिटे दमवणारी असावीत. ज्या तासाला शाळा ‘खेळाचा तास’ म्हणत होती, तो आठवड्यातील सर्वांत कमी हालचालीचा तास होता. त्यातही चढाईचे शुल्क वेगळे असल्यामुळे प्रत्येक वर्गात चढणारी मुले आणि पाहणारी मुले असे दोन गट पडले होते. ही विभागणी मला हार्नेसच्या प्रश्नापेक्षाही अधिक टोचली.

वर जाणाऱ्या मुलांचेही फार बरे चालले होते असे नाही. साडेचार वर्षांचे मूल वर सहज जाते, कारण हात आणि होल्ड (पकडण्यासाठी व पाय ठेवण्यासाठी भिंतीवर बसवलेले उंचवटे) दोन्ही डोळ्यांसमोर असतात. खाली येताना पाय दिसत नाहीत. जिन्यावरही मूल एकेका पायरीवर एकेक पाय टाकत चढायला आधी शिकते आणि तसेच उतरायला पुष्कळ उशिरा. दोरावर हा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो, कारण मुलाला नुसते खाली सोडले जाते. परंतु त्यासाठी त्याने भिंतीवरचे हात सोडून, पाठीमागे रेलून, न दिसणाऱ्या माणसावर भरवसा टाकावा लागतो. काही मुले घंटेपाशी दोन्ही हातांनी होल्ड कवटाळून राहत आणि खालून सर्वजण ‘हात सोड, हात सोड’ म्हणत. घरी आणि शाळेत आपण ज्या मुलाला ‘नीट धरून ठेव’ असे शिकवतो, त्याच्याकडून ही अपेक्षा होती.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्या आठवड्यात शहरातील कोणत्याही शाळेत पालकांच्या मनात दुसरा विषय नव्हता. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, हे कळल्यावर पालकांनी आपापल्या शाळेतील प्रत्येक साधनाकडे नव्याने पाहिले. या शाळेतील पालकांनी लेखी विचारले की अँकर कोणी तपासला, केव्हा तपासला आणि प्रशिक्षक आला नाही त्या दिवशी दोर कोण धरतो. शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘त्या दिवशी भिंत बंद असते’ असे होते, परंतु ते कोठेही लिहिलेले नव्हते. संचालिकांनी दुसऱ्याच दिवशी भिंत बंद केली. मे महिन्याच्या २५ तारखेला राजकोटच्या गेम झोनला आग लागून २७ जणांचा बळी गेला, तेव्हा उंच भिंत पुन्हा सुरू करण्याचा उरलासुरला विचारही संपला.

आडवी भिंत

संचालिकांनी मला बोलावले तेव्हा चढाई बंदच करावी का, असे त्यांनी स्पष्ट विचारले. त्यांचे प्रशिक्षण बालमंदिराच्या परंपरेतले आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला सुरू केलेले बालमंदिर आणि तेथे काम करून पुढे महाराष्ट्रात बालवाडीची चळवळ उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांच्याविषयी त्या आदराने बोलतात. मी त्यांना एवढेच विचारले की वर्गात मूल स्वतः साहित्य निवडते, हवे तितका वेळ करते आणि आपल्या हाताने जागेवर ठेवते. मग भिंतीपाशीच पाळी, आज्ञा आणि घंटा कशासाठी? तेथून आराखडा बदलला.

नवी भिंत सहा मीटर लांब आणि दोन मीटर उंच आहे. होल्ड फक्त १.४ मीटरपर्यंत आहेत. त्यावर गुळगुळीत प्लाय आहे, पकडायला काही नाही. मुले वर न जाता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आडवी जातात. गिर्यारोहक याला ट्रॅव्हर्स म्हणतात. पाय कधीही जमिनीपासून फार दूर नसल्यामुळे दोर लागत नाही, हार्नेस लागत नाही, आणि चार मुले एकाच वेळी भिंतीवर असू शकतात. प्लाय १८ मिलिमीटरचा आहे, मागे बोल्ट धरून ठेवणारे टी-नट आणि पुढून १० मिलिमीटरचे बोल्ट. प्रत्येक होल्डला बोल्टखेरीज एक छोटा स्क्रूही मारला आहे, कारण एकाच बोल्टवरचा होल्ड सैल झाला की पायाखाली फिरतो. दर सोमवारी शाळेचे शिपाईकाका प्रत्येक होल्ड दोन्ही हातांनी पिळून पाहतात आणि वहीत सही करतात. होल्ड मोठे, तीन वर्षांच्या मुलाच्या पूर्ण पंजाने धरता येतील असे निवडले. बोटांच्या टोकांवर लोंबकळावे लागेल असा एकही नाही, कारण वाढत्या वयात बोटांच्या हाडांची वाढीची टोके नाजूक असतात.

सर्वांत वाद झाला तो जमिनीवरून. खेळसाधनांच्या ईएन ११७६ या मानकाप्रमाणे दीड मीटरपर्यंतच्या पडण्याच्या उंचीसाठी साधनापुढे किमान दीड मीटर मोकळी, धक्का शोषणारी जागा असावी लागते. मार्जिन तीन मीटरचे होते, परंतु त्यात एसीचे यंत्र, नळ आणि भांडी धुण्याची चोकडी होती. भिंतीला जागा लागत नाही, हा मूळ समज येथे खोटा ठरला. यंत्र वर चढवले, चोकडी मागे नेली आणि शिक्षिकांच्या दुचाकी बाहेर गेल्या. हा खर्च होल्डच्या खर्चापेक्षा जास्त झाला.

पालकांच्या सभेत हेल्मेटची मागणी आली आणि ती नाकारावी लागली. दोरावर चढताना हेल्मेट योग्य आहे. मात्र खेळसाधनावर मोकळेपणी वावरणाऱ्या लहान मुलाचे हेल्मेट दोन वस्तूंच्या मध्ये अडकले, अंग निसटले आणि हनुवटीचा पट्टा सुटला नाही, तर गळ्याला फास बसतो. अशा घटना घडल्यामुळेच युरोपात लहान मुलांसाठी ठरावीक ओढ बसताच पट्टा सुटणाऱ्या हेल्मेटचे ईएन १०८० हे मानक निघाले. त्याच कारणाने ओढणी, गळ्यातले ओळखपत्र आणि दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा काढणे आवश्यक होते. दोऱ्याच्या बाबतीत एक आजी काही केल्या तयार होईनात. शेवटी बाईंनी सुचवले की दोरा गळ्याऐवजी पायात, घोट्याला घट्ट बसेल असा बांधू या, आणि आजींनी तो तेथल्या तेथे स्वतः बांधून दिला.

त्याच सभेत एका मुलीच्या आजोबांनी, ज्यांचे तरुणपण जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या मातीत गेले होते, विचारले, “चढायला शिकवता ते ठीक आहे, बाई, पण उतरायला कोण शिकवतं? आम्हाला मल्लखांबावर नीट उतरता येईपर्यंत वरची पकड दाखवत नसत.” त्या प्रश्नाने शाळेचा पहिला धडा ठरला. जूनमध्ये नव्या मुलांना आठवडाभर केवळ उतरणे दिले जाते. सर्वांत खालच्या होल्डवर उभे राहायचे, भिंतीकडे तोंड ठेवून एक पाय मागे सोडायचा, गादी लागली की दुसरा सोडायचा, मग हात. उडी मारायची नाही. दुसरा नियम शिक्षिकांसाठी आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही मुलाला उचलून होल्डवर ठेवायचे नाही. जेथे मूल आपल्या बळावर पोहोचत नाही, तेथून ते आपल्या बळावर परतही येत नाही.

एका सकाळी मी ज्युनिअर केजीतील एका मुलीला बराच वेळ पाहत होते. तिसऱ्या होल्डवर आल्यावर पुढचा पिवळा होल्ड तिच्या हाताला लागत नव्हता. तिने डावा हात लांबवला, मागे घेतला, पुन्हा लांबवला. मग तिने डावा पाय उचलून उजव्या पायाच्या शेजारी, त्याच होल्डच्या कडेवर ठेवला, हळूच उजवा पाय काढून घेतला आणि अंग डावीकडे झुकवले. हात आता पोहोचत होता. तिने पिवळ्या होल्डला स्पर्श केला, परंतु धरला नाही. खाली उतरली, सुरुवातीला गेली आणि पुन्हा तिथपर्यंत आली. शिक्षिका तिच्या पाठीमागे हात अर्धा उंचावून, स्पर्श न करता, गप्प उभ्या होत्या. पायांची ही अदलाबदल तिला कोणी सांगितलेली नव्हती. पाच मीटरच्या भिंतीवर, दोन मिनिटांच्या पाळीत आणि खालच्या गलक्यात तिला हे सापडण्याची सोय नव्हती.

अशा उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेवरच सर्व मदार आहे. भिंतीवर चार मुले आणि त्यांच्यासाठी एक जाणती व्यक्ती, जिच्याकडे त्या वेळी दुसरे काम नाही आणि हातात मोबाइल नाही, हे प्रमाण शाळेने ठरवून घेतले. त्यासाठी एका मावशींना प्रशिक्षण देऊन त्यांच्या कामाचे तास बदलावे लागले. भिंत एकदाच बांधावी लागते. हा खर्च मात्र दर महिन्याचा असल्यामुळे शाळा प्रथम तोच टाळू पाहतात. येथे तो एकूण शुल्कात धरला गेला आणि चढाईचे वेगळे शुल्क रद्द झाले.

पूर, गाद्या आणि एक फट

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला आणि शहराच्या अनेक भागांत दिवसच्या दिवस पाणी होते. शाळेच्या तळमजल्यातही ते शिरले. भिंतीखालची अखंड गादी गटारमिश्रित पाणी पिऊन फुगली. ती धुऊन वाळवून वापरण्यासारखी राहिली नाही आणि फेकून देण्याशिवाय इलाज नव्हता. फर्निचर, पुस्तके, विजेची जोडणी असा दुरुस्तीचा मोठा खर्च समोर असल्यामुळे शाळेने स्थानिक फोमवाल्याकडून तीन सुट्या गाद्या घेतल्या. त्या एकमेकींना लागून ठेवल्या जात. वापरात त्या थोड्या सरकत आणि त्यांच्यामध्ये फट पडे.

जानेवारी २०२५ मध्ये साडेचार वर्षांचा एक मुलगा सर्वांत खालच्या होल्डवरून, शिकवल्याप्रमाणे भिंतीकडे तोंड ठेवून उतरत होता. मागे टाकलेला पाय दोन गाद्यांच्या मधल्या फटीत गेला, तो बाजूला कलंडला आणि सावरण्यासाठी टेकलेल्या हातावर सगळा भार आला. मनगटाच्या वरच्या हाडाला, लहान मुलांत नेहमी आढळते तशी, अर्धवट मोड आली. काही आठवडे प्लास्टर राहिले आणि हात पूर्ण बरा झाला. पाय जमिनीपासून जेमतेम एक वीत उंच होता.

त्या दिवसाची नोंद मी वाचली आहे. बाईंनी तासाभरात, आठवण ताजी असताना, मूल कोठे होते, कोण जवळ होते, गाद्या कशा होत्या आणि फट किती होती हे चित्र काढून लिहिले होते. आई-वडिलांना लगेच फोन गेला, मुलासोबत दवाखान्यात संचालिका स्वतः गेल्या आणि संध्याकाळी सर्व पालकांना घटना जशीच्या तशी कळवली गेली. संमतिपत्रावर पालकांची सही होती, परंतु तिचा उल्लेख कोणी केला नाही, आणि ते योग्यच झाले. सहीमुळे पालकांना धोक्याची कल्पना मिळते. शाळेची जबाबदारी तिने तसूभरही कमी होत नाही. काही पालकांनी भिंत काढून टाकण्याची मागणी केली. त्यांना ते चित्र दाखवण्यात आले. उंची हे कारण असते तर मागणी रास्त ठरली असती. येथे कारण फट होते आणि फट बुजवता येते. आता तिन्ही गाद्यांवर एकच जाड रेक्झिनचे आच्छादन आहे, खाली त्या वेल्क्रोच्या रुंद पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत आणि भिंतीकडच्या कडेला दोन ठिकाणी बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात शाळा सुटल्यावर त्या उचलून लाकडी मांडणीवर ठेवल्या जातात. शिपाईकाकांच्या वहीत होल्डशेजारी गाद्यांचा रकाना वाढला आहे. प्लास्टर निघाल्यावर मुलगा काही दिवस भिंतीपाशी नुसता उभा राहत असे, आणि त्याला कोणीही चढ म्हणाले नाही. मार्चमध्ये तो आपणहून चढला.

उन्हाचाही बंदोबस्त करावा लागला. भिंत पश्चिमेकडे असल्याने दुपारनंतर होल्ड हात लावू देत नाहीत. एप्रिलपासून चढाई सकाळी साडेनऊपूर्वीच होते, वर हिरवी जाळी आहे आणि त्या दिवसांत पहिला हात शिक्षिकेने लावायचा असा नियम आहे.

अजून न सुटलेले

माहितीपत्रकातील ‘क्रीडाप्रकार’ हा उल्लेख संचालिकांनी २०२५ च्या सत्रापासून काढला आणि त्याजागी ‘चढण्या-उतरण्याची भिंत’ असे लिहिले. त्या वर्षी प्रवेश घटतील अशी त्यांना भीती होती आणि ती मला निराधार वाटली नव्हती. प्रवेश मात्र जवळजवळ पूर्वीइतकेच झाले. वार्षिक क्रीडादिनी भिंतीवर शर्यत ठेवावी, असा काही पालकांचा आग्रह अद्याप आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली वेगाच्या चढाईला स्वतंत्र पदक होते, १५ मीटरची ती भिंत काही सेकंदांत पार होते, आणि ते चित्रण पाहिलेल्या बापाला आपल्या मुलानेही तसे करावे असे वाटणे मी समजू शकते. चार वर्षांच्या मुलाला घाई लावली, की ते पायांकडे पाहणे थांबवते. म्हणून शर्यत नाही, हे उत्तर कायम आहे.

सिनिअर केजीच्या मुलांचा प्रश्न अधिक खरा आहे. सहा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या मुलांना ही भिंत वर्षाअखेर सोपी पडते आणि ती होल्डवर पाय देत वरच्या गुळगुळीत भागाकडे हात नेऊ लागतात. उंची वाढवण्याऐवजी दर दोन महिन्यांनी होल्डची जागा आणि अंतर बदलावे, काही वाटा ठरावीक रंगाच्या होल्डवरूनच जाणाऱ्या कराव्यात आणि एक लहान भाग किंचित पुढे कलता करावा, असे मी सुचवले आहे. पहिले दोन बदल झाले. कलत्या भागामुळे मूल पायांवर न पडता पाठीवर पडू शकते, म्हणून गादीची जाडी तपासून घेतल्याशिवाय तो बसवायचा नाही असे ठरले आहे.

दरम्यान संचालिका शहरात दुसरी शाखा काढत आहेत. गुजरातमध्ये पूर्वप्राथमिक शाळांच्या नोंदणीचे नियम आल्यापासून इमारत-वापराच्या परवानगीकडे त्यांनी पहिले लक्ष दिले आहे, आणि इमारत चांगली आहे. तेथेही अशीच भिंत हवी, अशी त्यांची इच्छा होती. मी जागा पाहून आले. मार्जिन पावणेदोन मीटरचे आहे, त्यातून आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग जातो आणि दुसरी बाजू शेजाऱ्यांच्या कंपाउंडला चिकटलेली आहे. तेथे भिंत बांधू नये, मुलांना आठवड्यातून दोन सकाळी पहिल्या शाखेत आणावे, आणि नव्या इमारतीत आतल्या खोलीत लाकडी शिडी व कमी उंचीचा चौथरा एवढेच ठेवावे, असे मी लेखी कळवले आहे. मुलांची ने-आण कोण करणार आणि वाहनात सोबत किती जण असतील, हे ठरल्यावर ती व्यवस्था सुरू होईल.